अफू, आतडे आणि आतड्यातील निरोप
(ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून आतड्यांविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटण्याचा संभव आहे. हृदय आणि मेंदू या दोन अवयवांना साहित्यात मानाचे पान मिळाले आणि आतडे मात्र वैद्याच्या ओट्यावरच राहिले. तथापि मराठी भाषेने पोटाला कधीच हीन लेखलेले नाही. भीतीने पोटात गोळा उठतो, दुसऱ्याचा अपराध पोटात घातला जातो, गुपित पोटात ठेवले जाते. एखाद्या प्रश्नावर कोणी कळवळून बोलला तर त्याच्या बोलण्यात पोटतिडीक होती असे म्हणतात. लेकराच्या आठवणीने आईचे आतडे तुटते, काळीज नंतर. पोटालाही काही कळते, हे भाषेने केव्हाच मान्य केले होते. शरीरशास्त्राला ते मान्य करण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत थांबावे लागले, आणि त्या कळण्याची रीत उलगडण्याच्या कामी, आश्चर्याची गोष्ट अशी की, याच माळव्याच्या मातीत पिकणारा एक पदार्थ उपयोगी पडला. तो पदार्थ म्हणजे अफू.

माळव्याला अफूची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. होळकर आणि शिंदे यांच्या मुलखातील महसुलात, आणि इंदूर-उज्जैनच्या सावकारी पेढ्यांच्या वह्यांत, एकोणिसाव्या शतकात अफूचा वाटा मोठा होता. माळव्याच्या पेट्या मुंबई बंदरातून चीनकडे रवाना होत. आजही मंदसोर, नीमच, रतलाम या जिल्ह्यांत सरकारी परवान्याने खसखस पेरली जाते, बोंडांना चिरा देऊन ओघळलेला चीक दुसऱ्या दिवशी सकाळी खरवडून घेतात, आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात त्यातून औषधी द्रव्ये काढली जातात. या चिकाचे दोन गुण घराघरांत ठाऊक होते. एक, तो वेदना शमवतो. दुसरा, तो जुलाब थांबवतो. हे दोन गुण एकाच चिकात का असावेत, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

प्राचीन वैद्यकात अफू उशिरा आली. चरक-सुश्रुतांत ती नाही. शार्ङ्गधर संहितेत ‘अहिफेन’ येते, ते ‘व्यवायी’ द्रव्याचे उदाहरण म्हणून. म्हणजे जे आधी सर्व शरीरात पसरते आणि मग पचते, असे द्रव्य. भावप्रकाशाने तिला ‘ग्राही’ म्हटले. वैद्यकाच्या परिभाषेत ग्राही म्हणजे मळाला धरून ठेवणारे, त्यातील द्रव शोषून तो घट्ट करणारे. अतिसारावरील कर्पूररसासारख्या कल्पात अफू आहे ती याच गुणामुळे. आता गंमत अशी की, पेशीच्या पृष्ठभागावर एखाद्या द्रव्याला नेमके पकडणारी जी रचना असते, तिलाही आजच्या मराठी विज्ञानपरिभाषेत ‘ग्राही’ हाच शब्द योजला जातो. जुन्या वैद्यांच्या ग्राहीचा परिभाषाकारांच्या ग्राहीशी काही संबंध नाही. पण अफूच्या बाबतीत हे दोन अर्थ एकाच जागी येऊन भेटतात, ते कसे हे पुढे दिसेल.

अफूच्या या दोन गुणांची किंमत ज्यांनी मोजली, त्यांची आठवण मध्येच करावयास हवी. १८९३ ते १८९५ या काळात नेमलेल्या अफू आयोगापुढे ज्या साक्षी झाल्या, त्यांत तान्ह्या मुलांना अफू देण्याच्या चालीचा उल्लेख वारंवार येतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रिया पाळीवर जाण्यापूर्वी मुलाला ‘बाळगोळी’ देत. त्या गोळीत अफू असे. मूल रडत नसे, भूक मागत नसे, दुपटे ओले करीत नसे. त्या आईला दोष देणे सोपे आहे. दहा-दहा तास सांच्यापुढे उभ्या राहणाऱ्या बाईजवळ दुसरा कोणता उपाय होता, हे विचारणे कठीण आहे. मात्र त्या गोळीने मुलाचे पोट कडक होई, त्याची वाढ खुंटे, आणि मात्रा थोडी जास्त झाली तर श्वासच थांबे. झोप आणि बद्धकोष्ठ ही दोन्ही लक्षणे त्या मुलांत एकदमच दिसत, आणि दोन्हींचे कारण एकच होते.

ते कारण शोधण्याची पहिली पायरी जर्मनीत पडली. पाडरबॉर्न येथील औषधविक्रेत्याच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या झेर्ट्युर्नर नावाच्या तरुणाने १८०५ च्या सुमारास अफूतून तिचे मुख्य सत्त्व वेगळे काढले, आणि निद्रादेवतेच्या परिवारातील मॉर्फियसच्या नावावरून त्याचे नाव ठेवले. तेच मॉर्फिन. वनस्पतीतून असे शुद्ध अल्कधर्मी सत्त्व निघाल्याचे हे बहुधा पहिले उदाहरण होय. आता चिकाऐवजी एक निश्चित, तोलता येणारे द्रव्य हाती आले. पण ते शरीरात नेमके कोठे जाऊन काय करते, हे सांगण्यासाठी आतड्याचा स्वभाव कळणे भाग होते, आणि तो कोणालाच कळलेला नव्हता.

आतडे ही अन्न पुढे ढकलणारी एक नळी आहे, आणि तिला मेंदूकडून हुकूम येतो, अशी तोवरची समजूत होती. १८५७ मध्ये माइसनर याने आतड्याच्या अस्तराखाली, आणि १८६२ मध्ये आउअरबाख याने स्नायूंच्या दोन थरांच्या मध्ये, मज्जापेशींचे जाळे असल्याचे दाखविले. आतड्याचा स्नायू दुपदरी असतो. बाहेरच्या थरातील तंतू लांबीच्या दिशेने आणि आतल्या थरातील तंतू कंकणासारखे गोल फिरलेले असतात. या दोन पदरांच्या मध्ये, गोधडीच्या दोन कापडांमध्ये टाके घालावेत तसे, आउअरबाखचे जाळे पसरलेले आहे. माणसाच्या आतड्यात अशा मज्जापेशींची संख्या अनेक कोटींच्या घरात जाते. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूशी तिची तुलना केली जाते. नळी हलविण्यासाठी एवढा मोठा कारभार कशासाठी?

त्याचे उत्तर लंडनमधील बेलिस आणि स्टार्लिंग या जोडीने १८९९ मध्ये दिले. हे दोघे मेहुणे; स्टार्लिंगची बहीण बेलिसला दिलेली. त्यांनी कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणारे सर्व मज्जातंतू तोडले आणि नंतर आतड्यात एक गोळा ठेवला. मेंदूशी संबंध तुटलेला असूनही गोळ्याच्या वरच्या बाजूचे आतडे आवळले, खालच्या बाजूचे सैल पडले, आणि गोळा पुढे सरकू लागला. या लाटेला क्रमसंकोच म्हणतात. मागे आवळणे आणि पुढे सैल सोडणे या दोन विरुद्ध क्रिया एकाच वेळी आणि योग्य जागी घडवून आणणारी बुद्धी आतड्याच्या भिंतीतच आहे, असा याचा अर्थ झाला. पुढे १९२१ मध्ये केंब्रिजच्या लँगली याने या जाळ्याला आंत्रीय मज्जासंस्था असे स्वतंत्र नाव दिले.

याच मेहुण्यांनी १९०२ मध्ये आणखी एक शोध लावला, आणि तो अधिक प्रसिद्ध झाला. जठरातील आम्ल लहान आतड्यात उतरले की आतड्याच्या अस्तरातून एक द्रव्य रक्तात जाते आणि स्वादुपिंडाला पाचकरस सोडावयास लावते, असे त्यांनी सिद्ध केले. त्याचे नाव सिक्रीटिन. अशा द्रव्यांसाठी स्टार्लिंगने १९०५ मध्ये ‘हॉर्मोन’ हा शब्द व्याख्यानातून रूढ केला. ‘चेतविणे’ अशा अर्थाच्या ग्रीक धातूपासून तो आला आहे. मराठीत त्याला संप्रेरक म्हणतात, आणि अर्थाच्या दृष्टीने हे भाषांतर अगदी नेटके आहे. म्हणजे संप्रेरकांचे शास्त्र जन्मले ते आतड्यात, आणि आतड्याला स्वतःची मज्जासंस्था असल्याचा पुरावा देणारे हातही तेच. तरी पुढील अर्धशतकभर ही दोन शास्त्रे एकमेकींपासून वेगळी चालली. संप्रेरक म्हणजे गावभर फिरणारी दवंडी. रक्तातून सर्वत्र जाते, ज्याला ऐकावयाची तो ऐकतो. मज्जातंतूचे काम म्हणजे शेजाऱ्याच्या कानात सांगितलेला निरोप. तंतूच्या टोकातून एखाद्या द्रव्याचा सूक्ष्म थेंब सुटतो, समोरच्या पेशीवर पडतो आणि लगेच नाहीसा होतो. दवंडी वेगळी, निरोप वेगळा, असे सर्वांनी धरून ठेवले. अफूने ही विभागणी मोडीत काढली.

१९१७ मध्ये पाउल ट्रेंडेलेनबुर्ग याने एक साधी पण फार कामाची योजना केली. त्याने गिनीपिगच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा, म्हणजे शेषांत्राचा, एक तुकडा कोमट क्षारद्रवात टांगला आणि आतून हळूहळू द्रव भरला. तुकडा पुरेसा ताणला गेला की त्यात आपोआप क्रमसंकोचाची लाट उठे. शरीराबाहेर काढलेले आतडे, शेजारी मेंदू नाही, रक्त नाही, तरी ते आपले काम करीत होते. त्या द्रवात मॉर्फिनचा अत्यल्प अंश टाकताच लाट थांबली. अफू मेंदूला गुंगी आणते म्हणून पोट थांबते, ही समजूत येथे संपली. मॉर्फिनचा आतड्याशी थेट व्यवहार होता.

पण आतड्यात कोणाशी? स्नायूशी की मज्जातंतूशी? या प्रश्नाचे उत्तर १९५७ मध्ये इंग्लंडमधील विल्यम पेटन याने ज्या रीतीने काढले, तिच्याकडे थोडे सावकाश पाहण्यासारखे आहे, कारण त्यात केवळ उपकरणे नाहीत, युक्तिवाद आहे. त्याने आतड्याच्या तुकड्याच्या आत एक आणि बाहेर एक असे विजेचे दोन अग्र ठेवले. विजेच्या प्रत्येक झटक्याला तुकडा एकदा आखडे. हे आखडणे मज्जातंतूंतून सुटणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलीन या द्रव्यामुळे होते, हे माहीत होते. स्नायूवर त्या द्रव्याचा परिणाम होऊ न देणारे अ‍ॅट्रोपिन टाकले की आखडणे बंद पडे. आता मॉर्फिन टाकले. आखडणे मंदावले. मग त्याच द्रवात अ‍ॅसिटिलकोलीन बाहेरून घातले, तर स्नायू पूर्वीइतक्याच जोराने आखडला. म्हणजे स्नायू ठणठणीत होता. त्याला मिळणारा निरोपच कमी झाला होता. शेवटी पेटनने द्रवातील अ‍ॅसिटिलकोलीन मोजले आणि ते खरोखरच घटलेले आढळले. त्याच वर्षी शाउमान यानेही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला. मॉर्फिन स्नायूचा हात धरीत नाही. ते निरोप्याच्या तोंडावर हात ठेवते.

या प्रयोगाचा वारसा एका निर्वासिताच्या हाती गेला. हान्स कोस्टरलिट्झ हा बर्लिनचा डॉक्टर. ज्यू वंशाचा म्हणून १९३३ मध्ये नाझी राजवटीत त्याची नोकरी गेली, आणि पुढील वर्षी तो स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे आला. गिनीपिगच्या शेषांत्राचा तुकडा, विजेचा झटका आणि नोंद घेणारी लेखणी एवढ्याच सामग्रीवर त्याने वर्षानुवर्षे काम केले. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळांना हे काम किरकोळ वाटत असल्यास नवल नाही. पण कोस्टरलिट्झच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. अफूच्या कुळातील जे द्रव्य माणसाची वेदना जितक्या जोराने शमविते, ते आतड्याचे आखडणेही तितक्याच प्रमाणात मंदावते. वेदना मोजणे अवघड. आतड्याचे आखडणे कागदावर रेघ काढून मोजता येते. गिनीपिगच्या आतड्याचा बोटभर तुकडा हा मेंदूतील वेदनाशमनाचा तराजू होऊन बसला.

१९७३ मध्ये बाल्टिमोर, न्यूयॉर्क आणि स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी मेंदूत मॉर्फिनला नेमके पकडणारे ग्राही असल्याचे दाखविले. आता प्रश्न अटळ झाला. खसखशीच्या चिकासाठी निसर्गाने प्राण्याच्या शरीरात कुलूप का बसवावे? ज्या प्राण्याच्या कोणत्याच पूर्वजाने बोंडाला तोंड लावलेले नाही, त्याच्याही शरीरात ते कुलूप आहे. तेव्हा त्याची खरी किल्ली शरीरातच असली पाहिजे, आणि अफूची किल्ली केवळ तिच्यासारखी घडलेली असली पाहिजे.

कोस्टरलिट्झ त्या वर्षी सत्तर वर्षांचा झाला आणि विद्यापीठातून निवृत्त झाला. लोक ज्या वयात आठवणी लिहावयास घेतात, त्या वयात त्याने व्यसनद्रव्यांच्या संशोधनासाठी नवा विभाग उघडला. त्याचा तरुण सहकारी जॉन ह्यूज पहाटे सायकलवरून खाटीकखान्यात जाऊन डुकरांचे मेंदू आणी. तेथील कामगारांची मर्जी राखण्यासाठी तो व्हिस्कीची बाटली जवळ ठेवी, असेही सांगितले जाते. मेंदूचा अर्क करावयाचा, त्याचे अंश वेगळे करावयाचे आणि प्रत्येक अंश प्राण्याच्या स्नायूच्या तुकड्यावर टाकून पाहावयाचा. ज्या अंशाने आखडणे मंदावे आणि मॉर्फिनचा प्रतिरोध करणारे नॅलोक्सोन टाकताच ते पूर्ववत होई, तो अंश खरा. १९७५ च्या डिसेंबरात या द्रव्याची रचना प्रसिद्ध झाली. ती दोन जुळी द्रव्ये होती, प्रत्येकात अवघे पाच अ‍ॅमिनो आम्लांचे मणी. पहिले चार सारखेच. पाचवा एकात मेथिओनिन, दुसऱ्यात ल्यूसिन. नाव ठेवले एन्केफॅलिन, म्हणजे ‘डोक्यातले’.

रचना उघड झाल्यावर जे दिसले त्याने सारेच चकित झाले. पहिल्या जुळ्याचे पाचही मणी, त्याच क्रमाने, पोषग्रंथीतील एका संप्रेरकाच्या लांब माळेत आढळले. लायपोट्रोपिन या नावाचे ते संप्रेरक १९६० च्या दशकातच वेगळे काढलेले होते, पण त्याच्या पोटात काय दडले आहे हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. त्याच माळेच्या शेवटच्या एकतीस मण्यांचा तुकडा स्वतंत्रपणे मॉर्फिनसारखे काम करतो असे आढळले. त्याला एन्डॉर्फिन, म्हणजे अंतर्गत मॉर्फिन, हे नाव मिळाले. आतड्यातील एन्केफॅलिन निराळ्याच पूर्वरूपातून तयार होते, हे नंतर कळले. पण कुळ एकच. रक्तातून दवंडी पिटणाऱ्या संप्रेरकांचे आणि कानात निरोप सांगणाऱ्या मज्जाद्रव्यांचे घराणे वेगळे नाही, हे यानंतर नाकारता येईना. आणि १९७६-७७ मध्ये आतड्याची तपासणी झाली तेव्हा ‘डोक्यातले’ हे द्रव्य आउअरबाखच्या जाळ्यातील तंतूंत मुबलक सापडले. नाव ठेवण्यात जरा घाई झाली म्हणावयाची. डुकरांच्या मेंदूत ज्याचा इतका शोध घेतला, ते पोटातही होतेच.

अशी संप्रेरकसदृश द्रव्ये आतड्यात आणखीही पुष्कळ आहेत. शरीरातील सिरोटोनिनचा फार मोठा भाग आतड्यातच असतो. अस्तरावर अन्नाचा दाब पडला की ते सुटते आणि जाळ्याला जागे करते. मोटिलिन नावाचे संप्रेरक दोन जेवणांच्या मधल्या वेळात रिकाम्या जठर-आतड्याची झाडलोट घडविते. प्रत्येकाची कथा स्वतंत्र आहे. येथे फक्त अफूच्या कुळाचेच पाहावयाचे आहे.

हे द्रव्य निरोप कसा थोपविते? एन्केफॅलिन असो की मॉर्फिन, ते मज्जापेशीवरील ग्राहीला चिकटले की पेशीच्या भिंतीतील पोटॅशियमची दारे उघडतात, पोटॅशियम बाहेर जाते आणि पेशीचा अंतर्भाग विद्युतदृष्ट्या अधिक ऋण होतो. अशी पेशी सहजासहजी उद्दीपित होत नाही. शिवाय तंतूच्या टोकाशी कॅल्शियमचे आत येणे घटते. आणि कॅल्शियम आत आल्यावाचून अ‍ॅसिटिलकोलीनच्या पिशव्या फुटत नाहीत. शरीराचे स्वतःचे एन्केफॅलिन हे काम अल्पकाळ करते. काही क्षणांत विकरे त्याचे तुकडे करून टाकतात. ते ‘जरा हळू’ म्हणते आणि निघून जाते. मॉर्फिनला ती विकरे ओळखत नाहीत, त्यामुळे ते तासन्‌तास ठाण मांडून बसते.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. अफूने आतडे ढिले पडते, झोपी जाते, असे समजले जाते. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. अफू जशी आवळविणाऱ्या तंतूंना गप्प करते, तशीच ती सैल सोडविणाऱ्या तंतूंनाही गप्प करते. परिणामी कंकणाकृती स्नायूला आवरून धरणारे कोणी उरत नाही. तो जागोजाग आखडून बसतो. आतडे घट्ट असते, चुळबुळतही असते, पण मागे आवळणे व पुढे सोडणे यांचा मेळ तुटल्यामुळे आतील पदार्थ पुढे जात नाही. दुसरीकडे माइसनरच्या जाळ्यातील निरोप मंदावल्याने अस्तरातून द्रव पाझरणे कमी होते, आणि रेंगाळलेल्या मळातील पाणी शोषले जात राहते. भावप्रकाशाने सांगितलेला ‘ग्राही’ गुण तो हाच. आणि तो घडतो पेशीवरील ‘ग्राहीं’मुळे. दोन शब्दांची भेट येथे होते.

व्यसनाच्या प्रश्नावरही या तुकड्याने जो प्रकाश टाकला, तो अस्वस्थ करणारा आहे. गिनीपिगचे आतडे काही तास मॉर्फिनच्या द्रवात ठेवले आणि नंतर नॅलोक्सोन टाकले, तर ते एकदम जोराने आखडते. नुसत्या साध्या तुकड्यावर नॅलोक्सोनचा असा परिणाम होत नाही. अफू सुटलेल्या माणसाच्या पोटात ज्या मुरड्या येतात, जुलाब होतात, तेच हे, लहान प्रमाणात. ज्याला मन नाही, इच्छा नाही, संगत नाही, शील नाही, अशा बोटभर मांसाच्या तुकड्याला तलफ येते. अफू सोडू पाहणाऱ्याला ‘मनाचा निग्रह कर’ असे सांगणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा समजून घ्यावा. निग्रह हवाच, पण त्याच्या आतड्यांतील मज्जापेशीही स्वतःच्या हिशोबाने त्याच्याशी भांडत असतात, आणि त्यांना उपदेश कळत नाही.

या सर्व ज्ञानाचा उपयोग झाला तसा दुरुपयोगही. बेल्जियममधील संशोधकांनी १९६९ मध्ये लोपेरामाइड तयार केले. ते अफूच्याच ग्राहींवर काम करते, परंतु मेंदूत टिकत नाही. रक्त आणि मेंदू यांच्या सीमेवरील पहारेकरी त्याला परत बाहेर लोटतात. झोप नाही, व्यसन नाही, केवळ जुलाबाला आवर. प्रौढांसाठी ही सोय मोठी होती. लहान मुलांच्या बाबतीत मात्र हिशोब चुकला. १९९० मध्ये पाकिस्तानात या औषधाचे थेंब दिलेल्या काही अर्भकांच्या आतड्यांची हालचालच बंद पडली आणि ती दगावली; त्यानंतर थेंब बाजारातून काढून घेण्यात आले. मुलाला जुलाब होतात तेव्हा धोका असतो तो शरीरातील पाणी व क्षार जाण्याचा. आतडे थांबविल्याने दुपट्यावरचा जुलाब दिसेनासा होतो, द्रव आतच साचत राहतो, रोगजंतूही आतच राहतात, आणि घरच्यांना वाटते की मूल सुधारले. बाळगोळीच्या दिवसांत जी फसगत होत होती, तिचेच हे सुधारित रूप. याउलट बांगलादेशच्या युद्धात, १९७१ मध्ये, सीमेवरील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि सोडा यांचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचविले. त्या पाण्याने जुलाब थांबत नाही, गेलेले भरून निघते. आतड्याला गप्प न करता त्याच्या शोषून घेण्याच्या शक्तीचा उपयोग करणारा हा उपाय आहे.

अलीकडे आणखी एक वाट निघाली आहे. एन्केफॅलिनचे तुकडे करणाऱ्या विकरालाच अडविणारे रेसकॅडोट्रिल हे औषध फ्रान्समध्ये विकसित झाले. बाहेरून अफू द्यावयाची नाही. शरीराचीच अफू आतड्यात थोडी अधिक वेळ टिकू द्यावयाची. त्याने मुख्यतः द्रवाचे पाझरणे कमी होते, आणि आतड्याची चाल तशीच राहते.

शेवटची गोष्ट वेदनेची. कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेत मॉर्फिनला तोड नाही. सवयीने त्याची गुंगी कमी होते, मळमळ कमी होते. बद्धकोष्ठ मात्र कमी होत नाही, कारण मेंदू ज्या रीतीने सरावतो त्या रीतीने मोठे आतडे सरावत नाही. शिकागो विद्यापीठातील औषधशास्त्रज्ञ लिऑन गोल्डबर्ग यांचा एक मित्र कर्करोगाने मरणपंथाला लागला होता. मॉर्फिनने त्याची वेदना शमे, पण पोटाचा त्रास असह्य होई. वेदना शमावी आणि पोटही चालावे, अशी तोड काढण्यासाठी गोल्डबर्ग यांनी मेंदूत शिरू न शकणारे, केवळ आतड्यातील ग्राहींवरून मॉर्फिनला दूर सारणारे मेथिलनॅल्ट्रेक्सोन हे द्रव्य हाती घेतले. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली २००८ मध्ये. तोवर तो मित्रही नव्हता आणि गोल्डबर्गही नव्हते.

भारतात हे नवे औषध सर्वांच्या आवाक्यातले नाही. त्याहून खेदाची गोष्ट अशी की, ज्या देशात परवान्याने अफू पिकते आणि परदेशी निर्यात होते, त्याच देशात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर अनेक वर्षे साधे मॉर्फिनही रुग्णालयांना मिळविणे दुरापास्त झाले होते. एकाच कामासाठी अनेक परवाने लागत. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ती वाट काहीशी मोकळी झाली, तरी ते देणारी केंद्रे आजही मोजकीच आहेत, आणि नीमचच्या कारखान्यापासून फार लांब नसलेल्या गावांतही कर्करोगाचा रुग्ण रात्रभर कण्हत पडलेला आढळतो. जेथे मॉर्फिन मिळते, तेथील जाणता डॉक्टर मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच, त्रास सुरू होण्याची वाट न पाहता, त्याच कागदावर रेचकही लिहून देतो. घरच्या मंडळींना ते अनावश्यक वाटते आणि पुष्कळदा तेवढेच औषध आणावयाचे राहून जाते. ते आणावे.